हरवलात तर माझ्याकडे या

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता आमच्या वर्गातल्या प्रिंटरने, कोणीही काही सांगितलेलं नसताना, एका लिफ्टची तक्रार छापली. ‘मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबले आहे. आत तीन माणसे आहेत. कृपया दखल घ्यावी.’ खाली इमारतीचं नाव होतं. सही नव्हती, कारण लिफ्ट सही करत नाही.

वर्ग म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक फळा आणि जमिनीवर बसणारी सात मुलं. निवृत्त झाल्यापासून मी आजूबाजूच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. वर्गाचा नियम एकच आहे आणि तो फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत रंगवला आहे : ‘समजलं नाही तर हात वर करा.’ सहा मुलं तो वाचतात. सातवी तो पाळते. ती अकरा वर्षांची आहे. हजेरीत तिचं नाव वेगळं आहे, पण सगळे तिला शंका म्हणतात.

“आजोबा, लिफ्टला आपला पत्ता कोणी दिला?” शंकाने हात वर करून विचारलं.

“चुकून आलं असेल,” मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं आहे, की ते म्हणताना माझा चेहरा आपोआप जाणकार होतो.

आतून आमची ही हात पुसत आली. “अहो, चुकून आलं की मुद्दाम, ते नंतर ठरवा. माणसं अडकलीत ना तिकडे?” तिने त्या इमारतीचा नंबर शोधून फोन लावला, आणि ती तीन माणसं बाहेर आली.

बुधवारी लस ठेवायच्या एका फ्रिजने आपल्याला गरम होत असल्याचं कळवलं. गुरुवारी कुठल्याशा कारकुनाचा रजेचा अर्ज आला, मागोमाग तो नामंजूर झाल्याचं पत्र आलं, आणि लगेच ‘तरीही मी गेलो आहे’ असं तिसरं पत्र आलं. शुक्रवारी दुपारपर्यंत प्रिंटरचा कागद संपला. मुलांना इतका आनंद माझ्या शिकवण्याने कधीच झाला नव्हता.

मला मात्र बुधवारीच संशय आला होता. गुरुवारी खात्री झाली. शुक्रवारी मी खरं सांगायचं ठरवलं आणि सोमवारवर ढकललं.

खरं काय, ते सांगण्याआधी पत्ता म्हणजे काय ते सांगतो. घाई नाही. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. चार आकडे, मधे टिंबं. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कितीही चालतो. त्याच्या पुढे एकानेही गेलात, तर तो पत्ता राहत नाही, नुसती बडबड होते. बस, इतकंच. मुलांना हे पाच मिनिटांत समजतं. मोठी माणसं आपल्याला आधीपासूनच समजलेलं असल्याचं सांगतात.

तरुणपणी मी जोडणी खात्यात होतो. शहरातल्या यंत्रांचं एकमेकांशी बोलणं सुरळीत ठेवणं हे खात्याचं काम. तिथे मी पत्ते हाताळणारी लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे. एकाने एखाद्या कामाचा प्रोग्राम नीट लिहून ठेवायचा आणि बाकीच्या हजारांनी तो न वाचता आपापल्या प्रोग्राममध्ये जोडायचा, याला लायब्ररी म्हणतात. माझ्या लायब्ररीपुढे कोणीही, कसाही लिहिलेला पत्ता ठेवावा. ती आधीच्या-नंतरच्या मोकळ्या जागा पुसायची, टिंबं बाजूला करायची, आकडे तपासायची आणि यंत्राला कळेल असा स्वच्छ पत्ता परत द्यायची. टपाल पोचवणारे सगळे प्रोग्राम तिच्या शब्दावर चालायचे. शहरातल्या लिफ्टा, फ्रिज, दवाखाने, कचेऱ्या, सगळे.

प्रश्न एकच उरला होता. पुढे ठेवलेला पत्ता तिला समजलाच नाही, तर?

तेव्हा माझ्या हाताखाली नुकतीच लागलेली एक मुलगी होती. तिने हात वर केला. “सर, मग तिला सरळ सांगू दे ना, ‘समजलं नाही’ म्हणून.”

मला ते फार कठोर वाटलं. कोणी धडपडत पत्ता लिहून आणावा आणि आपण तोंडावर ‘समजलं नाही’ म्हणावं? सुट्टीच्या दिवशी मी शेजारची मुलं बागेत नेत असे. तिथे मी त्यांना सांगायचो, “हरवलात तर रडायचं नाही, माझ्याकडे येऊन उभं राहायचं.” तीच माया मी लायब्ररीत ओतली. पत्ता समजला नाही, तर लायब्ररीने नाही म्हणू नये. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता द्यावा. रोज दोन-तीन हरवलेली टपालं माझ्याकडे येत. मी ती वाचून योग्य जागी धाडत असे आणि घरी जाऊन त्या मुलीच्या अननुभवावर हसत असे.

एकही पत्ता नाकारला नाही म्हणून खात्याने मला पितळी ढाल दिली. निवृत्तीच्या दिवशी टेबलावरचा कॉम्प्युटरही भेट म्हणून दिला. पत्त्यासकट दिला, कारण पत्ता काढून घेण्याचे फॉर्म संपले होते. कॉम्प्युटर वर्गात आला, ढाल भिंतीवर गेली. दहा, चाळीस, तीनशे बारा, सात हा आमचा पत्ता मुलं पाढ्यासारखा म्हणू लागली. लायब्ररीतली ती मायेची ओळ मात्र मी विसरून गेलो.

मधल्या काळात चार आकड्यांचे पत्ते संपत आले. यंत्रं जास्त झाली. खात्याने लांबलचक नवे पत्ते वाटायला सुरुवात केली. आठ तुकडे, आकड्यांत मिसळलेली अक्षरं, टिंबं एकावर एक रचलेली, आणि मधली शून्यं कंटाळा आला की गाळून टाकायची मुभा. माझ्या लायब्ररीने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. ती गोंधळली. आणि गोंधळल्यावर जसं वागायला मी तिला शिकवलं होतं, अगदी तशीच वागली.

सोमवारी मी खात्यात गेलो. खात्याची प्रमुख आता तीच मुलगी होती, म्हणजे आता प्रमुख बाई. मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या.

“या या सर! बसा. तब्येत काय म्हणते?”

“तब्येत बरी आहे. टपालाचं बघायला आलो. शहराचं टपाल माझ्या घरी येतंय.”

बाईंनी पडद्यावर पाहिलं. “न पोचलेलं टपाल शून्य आहे, सर. सलग कितीतरी वर्षं शून्यच. तक्रार नेमकी कशाची?”

“पोचतंय, पण माझ्याकडे.”

“पोचतंय ना?”

“अहो, लायब्ररीला पत्ता समजत नाही, म्हणून ती अंदाजाने—”

“तिला समजत नाही असं तिने कधी सांगितलं?”

“कसं सांगेल? मी शिकवलंच नाही तिला.”

“मग आपण आपल्या मनाने कसं धरून चालायचं?” बाई मायेने म्हणाल्या. “मीही एकदा असंच काहीतरी विचारलं होतं तुम्हाला. किती छान समजावलं होतंत. मी ते आयुष्यभर जपलंय.”

मी पाणी प्यालो. तेवढ्यात बाईंचं लक्ष दुसऱ्या एका रकान्याकडे गेलं आणि त्यांचा आवाज बदलला. “सर, तुमच्या पत्त्यावर दिवसाला अडतीस हजार टपालं येतात. आमच्या या मुख्य कचेरीत दोन हजार. पाच हजारांच्या वर टपाल येणारी जागा म्हणजे नियमाने कार्यालय. तुम्ही घरात विनापरवाना कार्यालय चालवताय.”

बुधवारी घरी नोटीस आली. प्रिंटरवरच छापून आली, अडतीस हजारांच्या गठ्ठ्यात. ती शोधायला मुलांना दोन तास लागले. ‘विषय : पत्ता क्रमांक १०.४०.३१२.७ येथील अनधिकृत कार्यालय नियमित करणेबाबत. उपरोक्त पत्त्यावर शहरातील सर्वाधिक कामकाज चालत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर जागेस मध्यवर्ती कार्यालयाचा दर्जा देण्यात येत असून कर्मचारी, शिक्का व रांग यांची व्यवस्था खात्यामार्फत करण्यात येईल. कार्यालयाच्या जागेत आढळणारी मुले अन्यत्र हलवावीत.’

गुरुवारी निरीक्षक आले. सडपातळ, नम्र गृहस्थ. त्यांनी दारावर ‘मध्यवर्ती कार्यालय, १०.४०.३१२.७’ अशी पाटी ठोकली, फळ्याच्या खाली टेबल मांडलं, आणि प्रिंटरमधून पडणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘हरवलेले’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. शिक्का मारलेले गठ्ठे आमच्या झोपायच्या खोलीत गेले. त्या मागोमाग, खात्याने कबूल केल्याप्रमाणे, रांग आली. रांगेत कोण उभं होतं, कशासाठी, हे मी विचारलं. पाटी दिसली म्हणून उभे राहिलो, असं बहुतेकांनी सांगितलं.

वर्ग स्वयंपाकघरात भरू लागला. कॉम्प्युटर टेबलावर निरीक्षकांकडे राहिला, म्हणून मी पोळपाटावर खडूने कीबोर्ड काढून दिला.

“अहो, ओट्यावर दोघं बसलीत,” ही म्हणाली. “मी भाजी कुठे चिरू?”

“थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

“तुमची चूक आहे ना ही? मग सांगून टाका की सगळ्यांना.”

“चूक नाही गं. माया आहे ती.”

“मग मायेला म्हणावं, ओट्यावरून उतर.”

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण शंकाने मुलांच्या तंत्रशाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. अर्ज मीच भरून दिला होता, पत्त्याच्या रकान्यात वर्गाचा पत्ता अगदी बरोबर घातला होता. जागा वीस, अर्ज सहाशे. मुलाखतीला मूळ पत्र घेऊन येणं सक्तीचं. पत्र नाही तर प्रवेशद्वारातूनच परत. तिची आई दवाखान्यात परिचारिका आहे. ती रोज कामावरून येताना आमच्या दाराशी थांबून, रांगेतल्या लोकांची माफी मागून, एकच प्रश्न विचारायची : “काका, आलं का हो?”

पत्र पुढच्या बुधवारी आलं. शंकानेच ते प्रिंटरमधून पडताना पाहिलं. मुलाखत शुक्रवारी सकाळी दहाला. तिने हात पुढे केला. निरीक्षकांनी कागदावर शिक्का मारला : हरवलेले.

“काका, ते माझं आहे.”

“बाळ, इथे येतं ते सगळं हरवलेलंच असतं.”

मी धावत गेलो. “निरीक्षकसाहेब, नाव तिचं आहे, पत्ता इथला आहे. ते हरवलेलं नाही, पोचलेलं आहे.”

निरीक्षकांनी कागद उजेडात धरला. “पत्ता इथला आहे खरा. तीच तर संशयाची बाब आहे. गेल्या सात दिवसांत अडीच लाखांवर टपालं तपासली, एकावरही इथला पत्ता नव्हता. इथला पत्ता असलेलं टपाल इथे येईलच कसं?”

“बरोबर पत्ता आहे म्हणून आलं ना!”

“बरोबर पत्त्यावर आलेल्या टपालासाठी या कार्यालयात रकाना नाही.” ते खरोखरच हळहळले. “प्रमुख बाईंकडून ‘हरवलेले नसल्याचा दाखला’ आणा, लगेच देतो.”

मी पुन्हा खात्यात. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दाखला देते, सर. पण कशाच्या आधारावर? हे एक बरोबर असेल, तर बाकीची अडीच लाख चुकीची ठरतात. मग लायब्ररीत दोष आहे असं तुम्ही लिहून द्यायला हवं. ‘माझ्या लायब्ररीला समजत नव्हते आणि समजत नाही असे सांगायला मी तिला शिकवले नव्हते.’ इतकंच. खाली सही. आणि नियमाप्रमाणे ढाल परत.”

मी म्हणालो, “विचार करून सांगतो.”

हे वाचणाऱ्यांनी माझ्याविषयी वाईट मत करून घेण्याआधी मी काय विचार केला तेही पाहावं. मी घरी आलो, ढालीसमोर बसलो आणि अत्यंत समतोल विचार केला. शंका अजून लहान आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. तोवर तिची तयारीही चांगली होईल. एका दृष्टीने पत्र न मिळणं तिच्या हिताचंच आहे. हा शेवटचा मुद्दा सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारातून शंका बघत होती. तिने हात वर केला.

“काय गं?”

“आजोबा, तुम्हाला काय समजलं नाही?”

“मला सगळं समजलंय.”

“मग सही का नाही करत?”

मी ‘चुकून’ पर्यंत आलो आणि थांबलो. ही आतूनच म्हणाली, “ढालीमागे पाल राहते. ढाल गेली तर तिचीच काय ती गैरसोय होईल. बाकी कोणी बघतसुद्धा नाही तिकडे.”

गुरुवारी सकाळी मी सही केली. ढाल पिशवीत घालून नेली. मग खात्याच्याच एका टेबलावर बसून, इतक्या वर्षांनी, लायब्ररीतली ती मायेची ओळ खोडली आणि तिच्या जागी दोन शब्द लिहिले : समजलं नाही. अक्षरं बरोबर उमटली.

शुक्रवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी निरीक्षकांनी शिक्क्यावर शिक्का मारून पत्र दिलं. शंका, तिची आई आणि मी, तिघं धावत सुटलो. दहाला पाच कमी असताना ती आत गेली. मुलाखतीला तीन परीक्षक होते. पहिला प्रश्न ऐकून तिने हात वर केला आणि म्हणाली, “समजलं नाही. परत सांगाल का?” तिघे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मधल्या बाई म्हणाल्या, “खरं सांगू का, आम्हालाही नाही समजलेला. वरून छापूनच आलाय. दहा वर्षं हाच विचारतोय.” सकाळपासून आलेल्या चाळीस मुलांनी त्याचं उत्तर दिलं होतं, आणि चाळीसही उत्तरांना मार्क मिळाले होते.

शंकाला प्रवेश मिळाला. निकाल तिथेच हातात दिला. टपालाचं काही खरं नाही, म्हणाले.

तिकडे खात्यात शुक्रवारी दिवसभरात लायब्ररी अडतीस हजार वेळा ‘समजलं नाही’ म्हणाली. हे शब्द कचेऱ्यांच्या पडद्यांवर पूर्वी कधी आले नव्हते. काही कर्मचारी घाबरून खुर्चीतून उठले, काही प्रथमच बसले. संध्याकाळी प्रमुख बाईंचं परिपत्रक निघालं : ‘समजलं नाही हे लायब्ररीचे उत्तर यापुढे समाधानकारक उत्तर समजण्यात यावे व संबंधित टपाल पोचल्याची नोंद घ्यावी.’ अहवालातलं शून्य शून्यच राहिलं. आता ती टपालं कुठे जातात, कोणालाच माहीत नाही. या उत्कृष्ट कामाबद्दल बाईंना ढाल मिळाली. मी जवळून पाहिली. माझीच होती, घासून उजळलेली.

पाटी निघाली, रांग दुसरी पाटी शोधायला गेली, वर्ग पुढच्या खोलीत परत आला. भिंतीवर ढालीचा फिकट गोल उरला आहे आणि पाल त्याच्या मधोमध बसून माझ्याकडे रागाने बघते. त्या लिफ्टवाल्या इमारतीने आपल्या लिफ्टमध्ये आमच्या घरचा फोन नंबर चिकटवला आहे. अडकलेल्यांना उत्तर देणारं शहरात दुसरं कोणी नाही, म्हणे.

झालेली हकीकत मी लिहून काढली, म्हणजे इतरांना धडा मिळेल. पुन्हा टपालांचा पूर येऊ नये म्हणून वर्गाचा खरा पत्ता तेवढा बदलला. मजकूर पाच मोठ्या माणसांना वाचायला दिला : हिला, माझ्या धाकट्या भावाला, प्रमुख बाईंना, निरीक्षकांना, आणि जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या शेजाऱ्यांना. शेजाऱ्यांनी दोन ठिकाणचे विसरलेले अनुस्वार दाखवले. बाकी सगळ्यांनी मान डोलावली. छान आहे, म्हणाले. सगळं समजलं, म्हणाले.

शेवटी शंकाने वाचला. तिने हात वर केला.

“आजोबा, तीनशे बारा?”

“काय तीनशे बारा?”

“तुमचा खोटा पत्ता. वर तुम्हीच लिहिलंय, दोनशे पंचावन्नच्या पुढे गेलं की पत्ता राहत नाही. आणि खाली तीनदा तीनशे बारा लिहिलंय.”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीनशे बारा तिथेच होतं. एकदा अक्षरांत, एकदा नोटिशीत, एकदा पाटीवर. नियमही मीच लिहिलेला, चूकही मीच केलेली.

“खोडतो,” मी पेन उचलत म्हणालो.

“नको,” शंका म्हणाली. “असंच छापायला द्या. बघू या, किती जण हात वर करतात.”

म्हणून तसंच दिलं. आता हा शेवटचा परिच्छेद आला आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी किती हात वर आहेत ते मी इथून पाहू शकत नाही. पण जे आत्ता, ही ओळ वाचून, हळूच वर जाताहेत, ते खाली ठेवा. ते शंका धरत नाही.